बेल अँड सेबॅस्टियनच्या 'टायगरमिल्क' या पहिल्या अल्बमचं श्रोत्यांनी कसं स्वागत केलं? आज नव्याने ऐकायचा असेल तर कसा ऐकावा?

ग्लासगोच्या (स्कॉटलंड) या बँडच्या अल्बमचं स्वागत तीन हप्त्यांत झालं आणि तिन्ही वेळचे श्रोते वेगळे होते. 'आल्या आल्या गाजला' असं काही जण सांगतात, 'कुणी ऐकलाच नाही' असं काही जण. दोघंही आपापल्या हप्त्यापुरतं बरोबर बोलत असतात.

आधी अल्बम कसा झाला ते बघा, कारण पुढचं सगळं त्यातून आलं आहे. बँडचा गायक आणि गीतकार स्टुअर्ट मर्डॉक सुमारे सात वर्षं क्रॉनिक फटीग सिंड्रोमने (न हटणाऱ्या थकव्याचा आजार) आजारी होता आणि गाणी लिहायला त्याने त्याच काळात सुरुवात केली. ग्लासगोत बेरोजगार संगीतकारांसाठी एक प्रशिक्षण वर्ग चालायचा. तिथे त्याला बेस वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड भेटला. दोघांनी केलेले डेमो स्टो कॉलेजपर्यंत गेले. तिथल्या संगीत व्यवसायाच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी 'इलेक्ट्रिक हनी' नावाचं स्वतःचं लेबल (रेकॉर्ड काढणारी संस्था) चालवत आणि दरवर्षी एखादा सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची रेकॉर्ड, काढत. मर्डॉककडे गाणी इतकी तयार होती की सिंगलऐवजी आख्खा अल्बम करायचं ठरलं. शिकवणाऱ्यांत अ‍ॅलन रँकिन होते, पूर्वी 'द असोसिएट्स' या बँडमधले. निर्मिती त्यांनी केली. स्टुडिओ ग्लासगोतलाच, काव्हा. ध्वनिमुद्रण तीन दिवसांत आटोपलं. इसोबेल कॅम्पबेल (चेलो), स्टीव्ही जॅक्सन (गिटार), क्रिस गेडीस (कीबोर्ड) आणि रिचर्ड कोलबर्न (ड्रम) एकत्र येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. मिक कुकचा ट्रम्पेटही आहे, पण तो तोवर पाहुणा कलाकार होता.

जून १९९६ मध्ये अल्बम आला. फक्त तबकडीवर, प्रती एक हजार, सीडी नाही. हा पहिला हप्ता. कॉलेजच्या लेबलने तो पुन्हा छापला नाही. त्यामुळे पहिले श्रोते म्हणजे ग्लासगोतले, बँडच्या ओळखीतले, आणि छोट्या लेबलांच्या रेकॉर्डवर लक्ष ठेवून असणारे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जीप्स्टर या लंडनच्या लेबलवर दुसरा अल्बम आला, 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'. बाहेरच्या बहुतेकांना बँड कळला तो या दुसऱ्या अल्बममुळे.

दुसरा हप्ता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुसरा अल्बम आवडलेल्या माणसाला पहिला हवा असायचा आणि तो दुकानात नसायचा. मग कुणाकडे तरी असलेल्या तबकडीवरून कॅसेट भरून घ्यायची, त्या कॅसेटवरून आणखी एक. मूळ प्रतींची किंमत शेकडो पौंडांवर गेली. कॅसेटवरून कॅसेट भरली की वरच्या पट्टीतले बारकावे जातात आणि खरखर वाढते. म्हणजे १९९७-९८ मधल्या बऱ्याच चाहत्यांनी हा अल्बम मुळापेक्षा धूसर आवाजात ऐकला आणि तरीही तो उराशी धरला. त्या वेळी बँड मुलाखतीही फारशा देत नसे. दुर्मिळतेने दंतकथा वाढवली हे मान्यच, पण नुसत्या दुर्मिळतेवर कुणी खरखरीत कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकत नाही. गाणी टिकणारी होती.

तिसरा हप्ता १९९९ चा. फेब्रुवारीत बँडला ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांत नवोदितांचा मान मिळाला. हा पुरस्कार श्रोत्यांच्या मतांवर होता आणि 'स्टेप्स'सारखा लोकप्रिय पॉप गट मागे पडल्याने वादही झाला. त्याच उन्हाळ्यात जीप्स्टरने 'टायगरमिल्क' पुन्हा काढला, आता सीडीवरही. ब्रिटनच्या अल्बम यादीत तो १३ व्या क्रमांकावर गेला. एक हजार प्रतींनी सुरुवात झालेल्या रेकॉर्डसाठी हे मोठंच यश. पण या श्रोत्यांनी तोवर बँडचे पुढचे दोन अल्बम ऐकले होते, त्यामुळे त्यांच्या कानाला हे काम साहजिकच सुरुवातीचं, थोडं कच्चं लागलं.

आता आक्षेप. 'फार गोडगोड आहे, गायकाच्या आवाजात दम नाही' हे तेव्हाही म्हटलं गेलं, आजही म्हणतात. आवाज खालचा आहे, खरं आहे. पण शब्द ऐका. पहिल्या 'द स्टेट आय अ‍ॅम इन'मध्ये निवेदक एका मुलीला देशाबाहेर काढलं जाऊ नये म्हणून तिच्याशी लग्न करतो, आणि त्याने पाद्र्याजवळ दिलेल्या कबुलीवरून तो पाद्री चक्क कादंबरी लिहितो. 'एक्स्पेक्टेशन्स'मध्ये शाळेत छळली जाणारी मुलगी आहे, जी 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडचे मातीचे पूर्णाकृती पुतळे करते. यात गोडवा चालीत आहे, मजकुरात नाही. हे अंतर ज्याला जाणवलं त्याला अल्बम आवडतो. ज्याने कामं करता करता पार्श्वसंगीतासारखा लावला त्याला तो सपक वाटतो.

म्हणून ऐकण्याबद्दल थोडं. दहा गाणी, साधारण ४० मिनिटं, क्रमानेच ऐका, शफल बंद. कारण पाद्र्याने लिहिलेल्या त्या कादंबरीचं नाव 'द स्टेट आय अ‍ॅम इन' आणि शेवटच्या 'मेरी जो'मधली बाई तेच पुस्तक वाचत बसलेली आहे. क्रम मोडला की ही गाठ हातातून सुटते. पहिलं गाणं जवळजवळ नुसत्या गिटार आणि आवाजावर सुरू होतं, तेव्हा आवाज वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नका, पुढे ड्रम आल्यावर कमी करावा लागतो. फोनच्या स्पीकरवर बेस आणि चेलो जवळपास नाहीसे होतात, आणि 'वी रूल द स्कूल' तर चेलो आणि पियानोवरच उभं आहे. साधे हेडफोन पुरेत.

नव्या श्रोत्यांची गाडी हमखास अडते ती पाचव्या 'इलेक्ट्रॉनिक रेनेसाँस'वर. एकदम सिंथेसायझर, यंत्राचा ताल, प्रक्रिया केलेला आवाज. चुकून दुसऱ्याच बँडचं गाणं लागलं की काय असं वाटतं. तबकडीवर ते पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. त्यानंतर उठून तबकडी उलटायची, की 'आय कुड बी ड्रीमिंग' सुरू. स्ट्रीमिंगवर ती उसंत नाही, म्हणून तिथे स्वतः मिनिटभर थांबा, फरक कळेल. 'आय कुड बी ड्रीमिंग'च्या शेवटी इसोबेल 'रिप व्हॅन विंकल'च्या गोष्टीतला उतारा वाचते, तो संगीतात बुडालेला असल्याने सहज निसटतो. माझ्या मते सगळ्यात फिकं गाणं 'यू आर जस्ट अ बेबी'. ठेका आहे, शब्दांत फार काही नाही.

आणखी एक घोटाळा: 'द स्टेट आय अ‍ॅम इन'ची दोन रूपं फिरतात. १९९७ च्या 'डॉग ऑन व्हील्स' या ईपीवर (तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आहे तो अल्बमच्या आधीचा डेमो आणि तोच २००५ च्या 'पुश बारमन टू ओपन ओल्ड वूंड्स' या संग्रहातही आहे. गाण्याचं नाव शोधून लावलंत तर डेमो लागू शकतो. खाली अल्बमचं नाव 'टायगरमिल्क' आहे ना, तेवढं बघा.

हा आवडला तर पुढे 'सिनिस्टर'. गाणी म्हणून तो मला सरस वाटतो, पण त्याचं ध्वनिमुद्रण दबकं आहे. बँडचंही त्यावर समाधान नव्हतं. २००५ मध्ये त्यांनी लंडनच्या बार्बिकन सभागृहात तो सबंध अल्बम वाजवून थेट मैफलीचं ध्वनिमुद्रण काढलं. मूळ आणि हे, दोन्ही लागोपाठ ऐका. त्यानंतर १९९७ चे ईपी. आणि जुनी तबकडी विकत घ्यायची असेल तर पैसे देण्याआधी मधल्या गोल कागदाचा फोटो मागवा: त्यावर 'जीप्स्टर' असेल तर ती १९९९ ची किंवा नंतरची आहे, विकणारा काहीही सांगो. मूळ प्रतीवर 'इलेक्ट्रिक हनी'च हवं.