भावाची फाइल, मायचा व्हिसा आणि तीन एकर वावर

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातले. सात एकर वावर आहे, सातबारा मायच्या नावावर. लहान भाऊ २०११ ला अमेरिकेत गेला, न्यू जर्सीत राहतो. बायको तिकडची असल्यामुळे यंदा तोही नागरिक झाला. दिवाळीत आला तेव्हा बैठकीत सगळ्यांसमोर बोलून गेला, "आता एकेकाला नेतो." तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वडील नाहीत, माय सत्तरीची. मी ४४ चा, पत्नी, मुलगी १७ ची, मुलगा १० चा. चुलतभाऊ लहानपणापासून आमच्यातच आहे, त्याचंही नाव घालू म्हणतो भाऊ. एक एजंट सांगतो, "फॅमिली फाइल दोन वर्षांत काढून देतो, माणशी आठ लाख, अर्धे आधी." त्यासाठी रोडच्या कडेचं तीन एकर काढावं का? गिऱ्हाईक लागलंय. मायचा जन्मदाखला नाही, माझाही नाही. भावाचा आहे, पण त्यात मायचं नाव वत्सला आणि आधारवर शांताबाई. काय करावं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी गिऱ्हाइकाला "नाही" म्हणून कळवा, मग पुढचं वाचा.

तुमचा लहान भाऊ खोटं बोलला नाही. अमेरिकन नागरिकाला सख्ख्या भावा-बहिणीसाठी अर्ज करता येतो. आय-१३० नावाचा फॉर्म असतो, तो त्यानेच तिथून भरायचा. फी सहाशे-सातशे डॉलरच्या घरात. तुमच्या नावाचा अर्ज झाला की त्यात वहिनी आणि २१ वर्षांखालची, लग्न न झालेली मुलं आपोआप येतात. खर्च एवढाच असेल तर एजंट माणशी आठ लाख कशाचे मागतो, हे त्याला विचाराच. फाइल पुढे सरकवणं कोणाच्याच हातात नाही, कारण सगळा खेळ रांगेचा आहे.

भावा-बहिणींच्या गटात साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यात बायका-मुलंही धरलेली. वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, फुकट वाचता येतं. २०२५ मध्ये त्यात भारतातल्या भावंडांची तारीख २००६ च्याच आत रेंगाळत होती. म्हणजे ज्यांच्या भावाने तेव्हा अर्ज टाकला, त्यांचा नंबर आता लागतोय. आज टाकणाऱ्यापुढे रांग आणखी वाढलेली आहे. तुमचा नंबर येईल तेव्हा तुम्ही साठी ओलांडलेली असेल.

मुलांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. २००२ पासून तिथे एक कायदा आहे: अर्ज मंजूर व्हायला जितकी वर्षं लागली, तेवढी मुलाच्या वयातून वजा होतात. मंजुरीनंतर रांगेत बसून काढलेली वर्षं मात्र वजा होत नाहीत. समजा वीस वर्षं लागली आणि त्यातली बारा मंजुरीत गेली. मुलगी तेव्हा ३७ ची, वजा जाता २५. ती बाहेर. मुलगा ३० चा, वजा जाता १८. तो बसतो, पण तोवर त्याचं लग्न झालेलं नको! तिसाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाचा ठेवायला तुमची माय तयार आहे का, तिलाच विचारा. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा आणि या फाइलचा काही संबंध ठेवू नका. तिला तिकडे जायचंच असेल तर तिच्या गुणांवर, विद्यार्थी म्हणून.

चुलतभावाचं सरळ सांगते. एका ताटात जेवला, एका घरात वाढला, तरी त्याच्यासाठी तिथे गटच नाही. चुलत, मावस, मामे, पुतणे, भाचे, काका, मावशी, कोणासाठीच नाही. आई-बापांपैकी निदान एक जण सामाईक असेल तरच भाऊ. जो कोणी त्याचं नाव "घालून देतो" म्हणतो, तो एकतर खोटे कागद करणार किंवा दुसऱ्याच वाटेने पाठवणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला १०४ जण परत आणून सोडले, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. त्या वाटेवर वावर विकून गेलेल्यांची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

आता मायचं. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे आणि खरा निर्णय तिथेच आहे. नागरिकाच्या आई-वडिलांना संख्येची मर्यादा नाही, रांग नाही. साधारण वर्ष-दोन वर्षांत मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीपर्यंत काम येतं. ती तुमच्या घरातून सर्वांत आधी जाऊ शकते, पण तिला जायचंय का, हे बैठकीत कोणी विचारलं का? ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, घेतलं की तिने तिथे राहणं अपेक्षित आहे. वर्षभराहून जास्त बाहेर राहिली तर कार्ड जाऊ शकतं. सहा महिने तिकडे, सहा महिने दारव्ह्यात असं चालवणाऱ्यांना विमानतळावर प्रश्न विचारतात. सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, पाच वर्षं तिथे काढल्याशिवाय नाही. तोवर तिच्या गुडघ्यांचा खर्च तुमच्या भावाच्या खिशातून. शिवाय तिला पोसण्याची हमी त्याला लिहून द्यावी लागते आणि ती कायद्याने बांधणारी असते. नातवंडं बघायची, चार महिने राहायचं आणि कापूस वेचणीला परत यायचं असेल, तर प्रवासी व्हिसा बरा. अर्ज त्याचाच करा, ग्रीन कार्डाचा नको. ग्रीन कार्डाचा अर्ज टाकून मग प्रवासी व्हिसा मागायला गेलं, की अधिकाऱ्याला वाटतं, ही परत येणार नाही. हेच तुम्हालाही लागू. भावाने अर्ज टाकला की प्रवासी व्हिसाच्या फॉर्ममध्ये तसं खरं सांगावं लागतं.

कोणी असंही सुचवेल की मायला आधी पाठवा, मग ती तुमच्यासाठी अर्ज करेल. ग्रीन कार्डवर ती फक्त लग्न न झालेल्या मुलांसाठी अर्ज करू शकते, तुम्ही त्यात बसत नाही. पाच वर्षांनी नागरिक झाली तर विवाहित मुलांचा गट आहे, त्याचीही भारताची रांग दीड दशकाच्या आसपास मागे. तिचं वय आज सत्तर आहे. याहून जास्त मी बोलत नाही.

कागदांचं मात्र आजच सुरू करा, फाइल टाका न टाका. मायच्या जन्माचं मूळ तिच्या माहेरच्या तालुक्यात शोधा. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनं कोतवाल बुक असतं, जात-दाखल्यासाठी लोक ज्याची नक्कल काढतात तेच. त्यात बापाचं नाव, जात, तारीख आणि "मुलगी झाली" एवढंच असतं. मुलीचं नाव बहुधा नसतंच. तरी नक्कल काढा. सापडली नाही तर "नोंद आढळत नाही" असा दाखला घ्या आणि तिला जन्मापासून ओळखणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करा. १ एप्रिल १९७० आधी जन्मलेल्यांबाबत अशी कागदं चालवून घेतात. अशी माणसं किती दिवस हाताशी राहतील याचा भरवसा नाही, म्हणून लवकर. तुमचं तसं नाही, तुमचा जन्म त्यानंतरचा. उशिराची नोंद जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही आणि २०२५ पासून राज्यात छाननी कडक झाली आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आधी मिळवा.

वत्सला-शांताबाईचा गुंता आपल्याकडे घरोघरी आहे; लग्नात नाव बदललं, शाळेत राहिलं जुनंच. भावंडांचं नातं सिद्ध करायचं म्हणजे दोघांच्या कागदांवर एकच आई दिसली पाहिजे. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या, मग आधार, पॅन, बँक, सातबारा, सगळीकडे एकच नाव चालवा. तरीही शंका आली तर वकिलात डीएनए तपासणी सुचवते.

आणि वावर. ज्याच्या बळावर तुम्ही ते काढायला निघालात, तो भाऊ परदेशी नागरिक झाल्यामुळे इथे शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. वारसाने मिळेल ती ठेवू शकतो. म्हणून "पैसा आला की भाऊ परत घेईल" हा हिशेब मांडू नका. माय तिकडे स्थायिक झाली तर पीएम-किसानचे हप्ते तिला घेता येणार नाहीत, तेवढं तलाठ्याच्या कानावर घाला.

भावाला म्हणा, तुमचा अर्ज टाकून ठेव. फी त्यानेच भरावी. पावती सांभाळा, तिच्यावरची तारीख हीच तुमची रांगेतली जागा.

प्रश्न : मुलगी-जावई कॅनडात कायमचे रहिवासी आहेत. बाळंतपणाला मला बोलावतात. माझी बिनलग्नाची बहीण माझ्यासोबतच राहते. दोघींना सुपर व्हिसा मिळेल का?
– एक आई, हिंगणघाट

उत्तर : तुम्हाला मिळू शकेल, बहिणीला नाही. सुपर व्हिसा फक्त आई-वडील आणि आजी-आजोबांचा. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा आरोग्य विमा, वैद्यकीय तपासणी आणि मुलगी-जावयाचं ठरावीक उत्पन्न लागतं. विम्याचा आकडा ऐकून जावई गप्प झाले तर आश्चर्य नको, हप्ता वयाप्रमाणे चढतो. बहिणीने साध्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज करावा, तो बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम देतो. कायमचं बोलावण्याची आई-वडिलांची योजना वेगळी आहे. त्यात २०२५ च्या फेरीतही २०२० सालीच नाव नोंदवलेल्यांना बोलावणी गेली, तेव्हा मुलीने त्या वर्षी नाव टाकलं होतं का, एवढं फोनवर विचारून घ्या. आणि बाळंतपणाची तारीख धरून किमान चार-पाच महिने आधी अर्ज करा.