शटरच नाही तर फोटो निघायचा कसा? (जुना लाकडी कॅमेरा आणि ओली काच)

तुमचे प्रश्न तीन आहेत. माळ्यावर सापडलेल्या लाकडी कॅमेऱ्याला ना बटण, ना शटर, ना फिल्म घालायची जागा, मग तो चालायचा कसा. व्हिक्टोरियन काळातल्या फोटोतली माणसं एवढी ताठ का. आणि मेलेल्या माणसांना लोखंडी स्टँडला टेकवून उभं करायचे असं जे रील सध्या फिरतंय ते खरं का. तिन्हीचं मूळ एकाच ठिकाणी आहे म्हणून एकदमच लिहितो, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं सांगतो, कॅमेऱ्याला फार भाव देऊ नका. मीसुद्धा पुण्याच्या जुन्या बाजारातून एक हाफ प्लेट मापाचा कॅमेरा उचलून आणला तेव्हा महिनाभर त्याचं पितळच बघत बसलो होतो. पण खरं सांगायचं तर ते एक रिकामं खोकं असतं. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मधे लोहाराच्या भात्यासारखा चामड्याचा किंवा कापडाचा भाता, म्हणजेच बेलोज. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना तर भाताही नव्हता, एक लाकडी पेटी दुसरीत सरकायची, ड्रॉवरसारखी. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेत बघायचं, समोरचं सगळं उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर, आणि भाता पुढेमागे करून किंवा लेन्सची दातेरी चावी फिरवून ते स्पष्ट करायचं. झाला फोकस. मग दुधी काच बाजूला करून त्याच जागी प्लेटची (म्हणजे ज्यावर फोटो उमटतो त्या काचेची) चपटी लाकडी पेटी, म्हणजे डार्क स्लाइड, बसवायची, तिचं झाकण वर ओढायचं, आणि लेन्सवरचं टोपण हाताने काढायचं. एक, दोन, तीन, चार... असं मोजायचं आणि टोपण परत लावायचं. ते टोपण म्हणजेच शटर! वेग सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचाच नव्हता तर यंत्र हवंय कशाला.

बरं, लेन्सच्या नळीला वर एक फट आहे का बघा. असेल तर त्यात भोकं पाडलेल्या पितळी पट्ट्या घालायचे, जेवढं भोक लहान तेवढा प्रकाश कमी आणि मागचंपुढचं जास्त स्पष्ट. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउसने ही युक्ती काढली म्हणून त्यांना वॉटरहाउस स्टॉप म्हणतात. आजच्या अ‍ॅपर्चरचं तेच काम. या पट्ट्या हमखास हरवलेल्या असतात, माझ्याही नव्हत्याच, मी पुठ्ठ्याच्या कापून घेतल्या.

आता खरं काम. प्लेट.

फ्रान्समध्ये डागेरने १८३९ मध्ये चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो काढून दाखवला. सुंदर प्रकार, पण एकच प्रत, आणि डेव्हलप करायला पाऱ्याची वाफ. टॅलबॉटने इंग्लंडात कागदावर निगेटिव्ह काढली, तिच्या कितीही प्रती निघायच्या पण कागदाचे तंतू फोटोत उतरायचे आणि वर पेटंटची कटकट. मग मार्च १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या एका शिल्पकाराने काचेवरची कलोडियनची पद्धत छापून टाकली आणि पेटंट घेतलंच नाही. टॅलबॉट साहेब तरी म्हणतात ही पण माझ्याच पेटंटखाली येते, कोर्टात गेले, १८५४ च्या शेवटी हरले. आर्चर १८५७ मध्ये गेला, जवळजवळ कफल्लक. पुढची पंचवीसेक वर्षं सगळं जग त्याच्या पद्धतीवर धंदा करत होतं, आणि आज त्याचं नाव कुणाला माहीतसुद्धा नाही. मला याचा दरवेळी राग येतो.

तर कलोडियन म्हणजे काय, तर आम्लात प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला. मधासारखा पातळ चिकट द्रव, डॉक्टर लोक आधी जखमेवर लावायचे. त्यात आयोडाइड-ब्रोमाइडचे क्षार घालायचे. स्वच्छ पुसलेली काच एका कोपऱ्याला धरायची, मधोमध कलोडियनचं थारोळं ओतायचं आणि काच अशी कलती करत न्यायची की ते एकेक कोपरा गाठत चौथ्या कोपऱ्यातून परत बाटलीत जाईल. घावन घालताना आपण तवा फिरवतो ना, अगदी तसंच मनगट लागतं. फरक एवढाच की घावन बिघडलं तर खाता येतं. थांबलात की लाट उमटते, घाई केली की कोपरा कोरडा राहतो. दहा-पंधरा सेकंदांत थर घट्ट होतो, कडेला बोट लावलं तर ठसा उठतो, की लगेच अंधारात, पिवळ्या नाहीतर लाल उजेडात, सिल्व्हर नायट्रेटच्या भांड्यात बुडवायची. तीनेक मिनिटांनी बाहेर काढली की काच दुधी सायीसारखी झालेली असते, कारण थरातल्या आयोडाइडशी चांदी जुळून सिल्व्हर आयोडाइड तयार झालेलं असतं. वर तेलकट ओघळ दिसत असतील तर अजून थांबा.

आणि इथून घड्याळ सुरू. काच ओली आहे तोवरच ती कामाची, दहा मिनिटं धरा, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. वाळली की थर कडक होतो, डेव्हलपर आत शिरत नाही, संपला खेळ. म्हणजे या दहा मिनिटांत प्लेट डार्क स्लाइडमध्ये घालायची, कॅमेऱ्यापाशी पळायचं, टोपण काढायचं, मोजायचं, लावायचं, परत अंधारात पळायचं, फेरस सल्फेटचा डेव्हलपर एका झटक्यात काचेभर फिरवायचा, चित्र वर आलं की पाणी ओतून थांबवायचं. त्यानंतर चित्र पक्कं करायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) किंवा चक्क पोटॅशियम सायनाइड! स्टुडिओत सायनाइड उघड्या ट्रेमध्ये असायचं. शेवटी काच दिव्यावर कोमट करून त्यावर सँडरॅक डिंकाचं वॉर्निश, लॅव्हेंडर तेल घातलेलं.

मी हे सगळं एका मित्राच्या गच्चीवर मे महिन्यात करून पाहिलं (हायपोने, सायनाइड आमच्या घरात येणार नाही असं बायकोने आधीच सांगितलं होतं). ईथर पस्तीस अंशाच्या आसपास उकळतं आणि पुण्यात त्या दिवशी चाळीस होतं, म्हणजे मी ओततोय आणि ते कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आतच वाळतंय. पहिल्या चार काचा वाया. पाचवीवर चित्र आलं, मित्राच्या नाकापासून डावा कान एवढंच, बाकी सगळं धुकं, पण हायपोत घातल्यावर तो निळसर दुधी पडदा विरत जातो आणि खालून चेहरा वर येतो ते बघून अंगावर काटा आला खरा. सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर आधी दिसत नाही, उजेडात गेलं की काळं पडतं, आठवडाभर ऑफिसात काळी बोटं घेऊन बसलो होतो. त्या काळातले फोटोग्राफर बोटांवरूनच ओळखू यायचे ते यामुळे.

आता ही कसरत बाहेर, रानावनात करायची असेल तर? डार्करूम बरोबर न्यायची, दुसरा इलाज नाही. रॉजर फेंटन हा इंग्रज फोटोग्राफर १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला तेव्हा दारूच्या व्यापाऱ्याची एक जुनी घोडागाडी घेऊन तिची डार्करूम केली, बरोबर पाच कॅमेरे आणि सातशे काचा. उन्हाळा चढला तसा गाडीत जीव गुदमरायला लागला आणि काम सकाळी लवकरच उरकावं लागायचं. त्याच्या फोटोंत लढाई चाललेली कुठेच नाही, तंबू, तोफा, बसलेले अधिकारी, आणि एका दरीत विखुरलेले तोफगोळे. लोक म्हणतात सरकारला बरं दिसावं म्हणून, तेही असेल, पण पळणारा घोडा त्या काचेवर उमटणारच नव्हता हेही आहेच की. आपल्याकडे सॅम्युएल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ मध्ये आला आणि हमालांचा तांडा घेऊन हिमालयात गेला, तंबू, काचा, बाटल्या सगळं माणसांच्या पाठीवर, १८६६ मध्ये मनिरंग खिंडीत अठरा हजार फुटांच्या वर त्याने प्लेट काढल्या. थंडीत बोटं बधिर झालेली असताना काच कलती करायची, मला गच्चीवर जमलं नाही राव! मुंबईत तर त्याही आधी, १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते, म्हणजे ही विद्या आपल्याकडे उशिरा आली असं अजिबात नाही.

काचा एवढ्या मोठ्या का, असा प्रश्न पडेल. तेव्हा एन्लार्ज करणं जवळपास नव्हतंच, निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. बोर्नच्या काचा १२ × १० इंचाच्या होत्या. निगेटिव्ह कागदावर दाबून फ्रेम सरळ उन्हात ठेवायची, चित्र आपोआप तपकिरी होत वर यायचं. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर, त्यातून ती चकाकी. त्या धंद्यात वर्षाला लाखोंनी अंडी फुटायची, पिवळ्या बलकाचं काय करायचे कोण जाणे, केकच खात असतील. आणि निगेटिव्ह नको असेल तर तीच काच थोडी कमी एक्स्पोज करून मागे काळं लावलं की पॉझिटिव्ह दिसते, तिला अ‍ॅम्ब्रोटाइप म्हणतात. काचेऐवजी काळा रंगवलेला लोखंडी पत्रा घेतला की टिनटाइप, जत्रेत मिनिटांत हातात. टिनटाइपमध्ये डावं-उजवं उलटतं. अमेरिकेतला कुप्रसिद्ध गुंड बिली द किड डावखुरा होता असं लोक कित्येक वर्षं समजत होते ते त्याच्या एका टिनटाइपमुळेच.

आता ताठपणा. उत्तर तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, पण अर्धंच. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या पेट्झवालची लेन्स आली, ती आधीच्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश आत घ्यायची, त्यामुळे १८६० च्या सुमारास चांगल्या उजेडाच्या स्टुडिओत काही सेकंदांत काम व्हायचं. काही सेकंद हसू धरून ठेवता येतं हो, आपण ग्रुप फोटोत "अजून एक, अजून एक" करत मिनिटभर धरतोच. मग हसत का नसत? कारण फोटो म्हणजे तैलचित्राचा धाकटा भाऊ, आयुष्यात एकदोनदाच निघणारा, त्यात कोण दात काढणार. आपल्याकडच्या जुन्या लग्नाच्या फोटोत तरी कोण हसतंय!

पण मान हलायची, श्वासाने सुद्धा. म्हणून मागे लोखंडी स्टँड, त्याला वर चिमट्यासारखी दोन बोटं, ती मानेमागे डोक्याला टेकवायची. नीट बघितलं तर पायांच्या मागे त्याची बैठक डोकावताना दिसते, आणि ती दिसली की आजकालचे लोक "हा बघा मेलेला माणूस" म्हणून रील टाकतात. साफ खोटं. ते स्टँड आपल्या माइकच्या स्टँडपेक्षा थोडं दणकट, डोकं स्थिर ठेवायला ठीक, अख्खं प्रेत काय पेलणार. मृतांचे फोटो काढायचे हे मात्र खरं, विशेषतः लहान मुलांचे, कारण कित्येक घरांत त्या मुलाचा तो एकच फोटो असायचा. पण ते झोपलेलं, पाळण्यात किंवा आईच्या मांडीवर. उलट उभा माणूस आणि मागे स्टँड म्हणजे तो नक्की जिवंत, मेलेल्याला हलायची भीती कसली? तान्ह्या बाळांसाठी तर आईलाच चादरीखाली झाकून खुर्ची करायचे, ते फोटो भुतासारखे दिसतात पण त्यात भूत नाही, नुसती गुदमरलेली आई आहे.

डोळे पांढरे दिसतात तेही यातच आलं. कलोडियनला फक्त निळा-जांभळा प्रकाश दिसतो, लाल-पिवळा दिसतच नाही. म्हणून निळे डोळे भुतासारखे फिके, चेहऱ्यावरचे वांग-डाग गडद, आकाश कोरं पांढरं. आपल्याकडे काढला तर कुंकू काळं कुळकुळीत येतं आणि हळद लावलेला चेहरा काळवंडतो.

सगळेच काही या अडचणींशी भांडत नव्हते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरन, जन्म कलकत्त्याचा, १८६३ च्या शेवटी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने कॅमेरा भेट दिला म्हणून सुरुवात केली. आइल ऑफ वाइट बेटावरच्या घरात कोळशाच्या खोलीची डार्करूम, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. फोकस जरा हललेला, समोरचा माणूस जरा हललेला, काचेवर ओरखडे, तसंच ठेवायची. बाकी फोटोग्राफर नाकं मुरडायचे. मला विचाराल तर त्या अख्ख्या काळातले सगळ्यात जिवंत चेहरे तिचेच.

पुढे १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या डॉक्टरने जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली, दहा वर्षांत ती दुकानात तयार मिळायला लागली, ओली काच घरच्या स्टुडिओतून गेली आणि १८८८ मध्ये कोडॅकने शंभर फोटोंचा रोल भरून कॅमेराच विकायला काढला. शटर लागलं ते या कोरड्या प्लेटच्या वेगामुळे.

राहिला तुमचा कॅमेरा व्हिक्टोरियन आहे का नाही. नुसत्या लाकूड-पितळेवरून सांगता येत नाही, कारण आपल्याकडच्या स्टुडिओत असेच कॅमेरे स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं चालले, केरळात आलप्पुळाला वागीश्वरी नावाचे सागवानी बनायचे, ते कित्येकदा "इंग्रजांच्या काळातला" म्हणून चौपट किमतीला खपवतात. पितळ घासू नका, ब्रासो तर अजिबात नको, जुनं लॅकर गेलं की गेलं. बरोबर जुन्या बाटल्या असतील तर उघडूसुद्धा नका, सायनाइडचं वर सांगितलंच आहे आणि जुनं ईथर भडकू शकतं. डार्क स्लाइड तेवढी उघडा. ती पुस्तकासारखी दोन बाजूंनी उघडत असेल आणि आत मधे पत्रा असेल तर कोरड्या प्लेटची, म्हणजे १८८० नंतरची कधीचीही. पण एकाच प्लेटची असेल, चार कोपऱ्यांत काच टेकवायला चांदीची तार किंवा काचेचे तुकडे असतील, आणि खालच्या कडेचं लाकूड ओघळ जिरून काळं पडलेलं असेल तर तिथून खरंच कुणाच्या तरी ओल्या काचेतलं सिल्व्हर नायट्रेट ठिबकलेलं आहे. त्या खालच्या कडेचा एक जवळून फोटो टाका.