‘आपण’ म्हणजे नक्की कोण कोण?

प्रश्न हिंदीभाषक मराठी शिकणाऱ्याचा आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन्ही त्याला ‘हम’च वाटतात. त्यात तोच ‘आपण’ समोरच्याला आदरानेही लावलेला ऐकू येतो. मग कुठला ‘आपण’ कोणासाठी, हे ओळखायचे कसे?

पहिला भाग सोपा. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ‘आम्ही सिनेमाला चाललोय’ म्हटले की ऐकणारा ‘बरं, या जाऊन’ म्हणतो. ‘आपण सिनेमाला चाललोय’ म्हटले की तो चपला शोधू लागतो. म्हणूनच ‘जेवायला बसू या’ यातला ‘आपण’ न उच्चारताही कळतो, आणि ‘आम्ही बसू या’ कानाला खटकते. प्रमाण हिंदीत हा भेद नाही; गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’ असा आहे, तमिळ-तेलुगूतही आहे. मराठीत तो द्राविड भाषांच्या सहवासातून रुजला, असे बरेच भाषाभ्यासक मानतात.

खरी गंमत पुढे आहे. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातून आला, म्हणजे मुळात त्याचा अर्थ ‘स्वतः’. तो जुना अर्थ अजून गेलेला नाही. ‘आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी सांगितले’ या बातमीत बातमीदार नाही, वाचकही नाही. ‘आपण’ म्हणजे एकटे मंत्री. कट्ट्यावर कोणी छाती काढून ‘आपण नाही घाबरत कुणाला’ म्हणतो, तेव्हाही तो फक्त स्वतःबद्दलच बोलत असतो, अनेकवचनाच्या थाटात. ‘मी आपला गप्प बसलो’ यातल्या ‘आपला’चा तर मालकीशी काही संबंधच उरलेला नाही. तो वाक्यात नुसता बिचारेपणा मिसळतो, आणि तरी लिंग-वचन इमानाने पाळतो: ती आपली बसली, ते आपले बसले. मला स्वतःला हा ‘आपला’ सगळ्यांत आवडतो. दुसऱ्या भाषेत नेताना तो बहुधा वाटेतच गळतो.

आता ओळखायचे कसे, ते. शब्दाकडे बघू नका, क्रियापदाकडे बघा. ‘आपण गेलो’ म्हणजे सगळे. ‘आपण गेलात’ म्हणजे समोरची आदरणीय व्यक्ती. ‘आपण येऊ’ आणि ‘आपण याल’ यांचेही तसेच. कर्त्याला सोडून क्रियापद कर्माच्या मागे जाते तिथेही मराठीने सोय ठेवली आहे: ‘आपण काय ठरवले?’ हे दोन्हीकडे लागू शकते, पण शेवटी एक ‘त’ जोडून ‘ठरवलेत’ केले की बोट समोरच्याकडेच वळते. हा ‘त’ चुकीचा मानून खोडणारे काही मुद्रितशोधक असतात. त्यांनी कृपया थांबावे, तो फार कामाचा आहे.

घोटाळा होतो तो ‘-वे’ प्रत्ययाच्या रूपांत, कारण तिथे पुरुष दिसतच नाही. ‘आपण वेळेवर यावे’ हे निमंत्रणही असू शकते आणि मित्रांमध्ये आपसांत केलेला ठरावही. निमंत्रणपत्रिकेवर हे चालून जाते, कारण पत्रिका कोणाच्या हाती आहे हे ठाऊक असते. सूचनाफलकावर मात्र ‘आपण आपले सामान आपल्या जबाबदारीवर ठेवावे’ अशी वाक्ये येतात, आणि ‘आपल्या’पाशी वाचक अडखळतो: जबाबदारी त्याची की फलक लावणाऱ्याची? तिथे ‘सामान स्वतःच्या जबाबदारीवर ठेवा’ पुरेसे आहे. ‘ठेवा’त तुम्हीही आले आणि आदरही आला.