वेचणीच्या दिवसांत पाहुणे म्हणून जाताना

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांचे कॉलेजचे मित्र यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या खेड्यात शेती करतात, कित्येक वर्षं बोलावतायत, यंदा नाताळच्या सुट्टीत चार दिवस जायचं ठरलंय. आम्ही दोघं आणि 2 मुलं, 9 आणि 13 वर्षांची. फोनवर भाऊ म्हणतात, "या ना बाप्पा, घर तुमचंच हाये." पण मला अवघडल्यासारखं होतंय. मिस्टर म्हणतात यवतमाळला लॉजवर राहू आणि दिवसा जाऊन येऊ. पैसे दिले तर चालतील का? आणि नेऊ काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लॉजचं आधी डोक्यातून काढा. घरचा पाहुणा लॉजवर उतरला हे गावात कळलं तर भाऊंना फार लागेल ते.

पण भाऊ "या" म्हणाले म्हणून लगेच तिकीट काढू नका, एक फोन वहिनींना करा, आणि तोही मिस्टरांनी नाही, तुम्ही. माझं माहेर तिकडचंच आहे. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, वेचायला मजूर बाया मिळाल्या की त्याच दिवशी वेचून घ्यावं लागतं आणि घरची बाई सकाळी स्वयंपाक उरकून त्यांच्यासोबत वावरात असते. मी सातवीत असताना शहरातले पाहुणे असेच पाच दिवस आले होते, आई चुलीपुढून उठलीच नाही, बाया दुसऱ्याच्या वावरात गेल्या आणि पाचव्या दिवशी अवकाळी पाऊस आला, फुटलेला कापूस सगळा भिजला. आई कोणाला एका शब्दानं बोलली नाही. ते मला अजून आठवतं. म्हणून वहिनींना सरळ विचारा, वेचणी कुठवर आली, बाया कधी लागणार आहेत, आम्ही आठ दिवस पुढेमागे केलं तर बरं पडेल का.

आणि गेलात की त्यांच्यासोबत वावरात जा हो. 13 वर्षांचं पोर आरामात कापूस वेचेल, बोंडाची टोकं बोटांना टोचतात तेही कळेल. त्या दिवसांत तुरीला हिरव्या शेंगा असतात, मीठ टाकून उकडायच्या, पोरं टोपलंभर खातील. संध्याकाळी सोले सोलायला तुम्हीच बसा, ओल्या तुरीच्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात, त्याचा भात आणि सोले-वांग्याची भाजी एकदा खाल्ली की पुण्यात आठवण येत राहील. रोडग्यांचा बेत मात्र भाऊंवर सोडा, गोवऱ्यांवर हे कणकेचे गोळे भाजायचं काम आमच्याकडे पुरुषमाणसंच हौसेनं करतात, तेवढीच वहिनींना सुट्टी.

मुलांना दोन गोष्टी घरूनच बजावून न्या. वावरातल्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो, मोठ्या माणसाशिवाय तिकडे फिरकायचं नाही. आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तार बांधलेली असते, विजेचा झटका देणाऱ्या मशीनची, कधी कोणी थेट विजेची लाईनही सोडतं, तिला हात लावायचा नाही म्हणजे नाही. थंडीचे कपडे भरपूर घ्या, विदर्भ म्हणजे ऊनच असं समजू नका, डिसेंबरात रात्री पारा 10 च्या खाली जातो.

पैशाचं पाकीट अजिबात देऊ नका. निघताना त्यांच्या लेकरांच्या हातावर पैसे ठेवायची रीत आहे, ते घेतात. न्यायचं तर चांगला मोठा स्टीलचा थर्मास न्या, वावरात चहा न्यायला रोज कामाला येईल. आणि खरंच काही करायचं असेल तर नवी तूर निघाली की वर्षाची डाळ त्यांच्याकडूनच घ्या, दुकानात देता तोच भाव द्या, घासाघीस नको, पैसे आधी पाठवा.

पुण्याहून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरून पुढे एसटी मिळते. चारातला एक दिवस गाडी करून वर्ध्याकडे जा, सेवाग्रामला गांधीजी 1936 पासून राहिले, तिथे त्यांची कुटी आहे आणि पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. त्या गाडीत वहिनींना बसवा, त्या "माह्यं काम पडलं हाये" म्हणतीलच, तरी बसवा, आणि त्या दिवशीच्या संध्याकाळच्या भाकरी तुम्ही थापा.