मोडावं की ठेवावं?

औसा तालुक्यातले चौतिशीतले एक शेतकरी समुपदेशनाला आले ते झोप उडाली म्हणून. सहा एकर सोयाबीन पेरलं आणि पावसानं दडी मारली; उगवण विरळ. "मोडून पुन्हा पेरावं तर बियाण्याला पैसा, ठेवावं तर हंगाम जातो. डोकंच चालंना, सर." मृग सरता सरता मराठवाड्यात हे बऱ्याच घरांत ऐकू येतं.

कृषी केंद्रवाला, मेहुणा, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, वडील, सगळ्यांना विचारून झालं होतं. दर उत्तरागणिक विचार पुन्हा पहिल्यापासून. माहिती भरपूर होती. काय दिसलं की काय करायचं, एवढंच ठरलेलं नव्हतं.

म्हणून शेतात जाण्याआधीच ते कागदावर लिहून घेतलं. ओळींत ४५ आणि रोपांत ५ सेंमी अंतर धरलं तर मीटरभर ओळीत २० रोपं हवीत. प्रत्येक तुकड्यात दहा ठिकाणी मोजायचं. सरासरी १४ च्या वर असेल तर ठेवायचं, कारण विरळ सोयाबीन फांद्या फोडून बरीच तूट भरून काढतं. ८ ते १४ असेल तर नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकायचं; ८ च्या खाली मोडायचं. आधी लिहायचं कारण साधं आहे: मोजून झाल्यावर आकडा ठरवला, तर घातलेल्या बियाण्यात अडकलेला जीव मध्ये येतो आणि आकडा हळूच खाली सरकतो.

न उगवलेलं बी उकरून चिमटीत दाबायचं. टणक असेल तर आशा आहे, मऊ पडून वास येत असेल तर संपलं.

कागदावरची दुसरी ओळ तारखेची. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय दुबार पेरायचं नाही, आणि १५ जुलैनंतर सोयाबीनचा विषय बंद. मग तूर किंवा सूर्यफूल. घरच्या बियाण्याची चाचणी मात्र त्याच संध्याकाळी लावायला सांगितली, ओल्या गोणपाटात १०० दाणे. तिला आठवडा लागतो, खर्च काहीच नाही, आणि निर्णय कुठलाही झाला तरी ती वाया जात नाही. ७० च्या खाली उगवले तर एकरी ३० किलो बियाण्याचा हिशेब वाढवावा लागतो.

वडिलांचा मोडायला विरोध होता. त्यांनाच मोजायला सोबत नेलं, वाद निम्मा तिथंच मिटला. चार एकर ठेवलं, एका एकरात नांग्या भरायचं ठरलं, पाणी धरून राहणाऱ्या चिबड कोपऱ्यातलं एक एकर मोडायचं ठरलं. सहा एकरांचा निर्णय एकच असायला हवा, ही गाठ सुटल्यावर बाकीचं पटापट झालं.

झोपेचं वेगळं पाहिलं. निर्णय होऊनही दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही असं झालं, तर तो पेरणीचा प्रश्न राहत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांच्या आणि घरच्यांच्याही फोनमध्ये घालून दिला.