भांडणातलं तुमचं वाक्य आठवतं, स्वतःचं का नाही?

प्रश्न : धाकटी बहीण २४ वर्षांची. भांडणात मी काय बोलले ते तिला वर्षभर आठवतं, स्वतः काय बोलली ते आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरलाइन (भावना अन् नाती अस्थिर ठेवणारा व्यक्तिमत्त्व विकार) याची लक्षणं आहेत. ती खोटं बोलते का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. आठवण साठायला आधी लक्ष लागतं. अशा स्वभावात नाकारलं जाण्याची धास्ती मोठी, म्हणून लक्ष तुमच्या चेहऱ्यावर अन् आवाजावर खिळतं. स्वतःचे शब्द नीट नोंदलेच जात नाहीत. ताण फार वाढला तर काही वेळ 'आपण इथे नाहीच' असं वाटतं. बॉर्डरलाइनच्या निदानाच्या ९ निकषांत हाही एक आहे; निदानाला किमान ५ लागतात.

त्यामुळे तिथल्या तिथे 'आठव बरं!' म्हणून उलटतपासणी घेऊ नका, ताण वाढून आठवण आणखी विस्कटते. ती शांत झाली की, शक्यतो त्याच दिवशी, दोघींनी वेगवेगळं लिहा : वेळ, आदल्या रात्रीची झोप किती तास, ऐकलेले नेमके शब्द. त्याचा लावलेला अर्थ वेगळ्या रकान्यात. गफलत बहुतेक याच रकान्यात सापडते. वही पुरावा म्हणून मात्र वापरायची नाही.

लक्ष भांडण नसतानाही उडत असेल, तर ते १२ वर्षांच्या आधीपासून होतं का, हे डॉक्टरांना सांगा. एडीएचडी (लहानपणापासून लक्ष टिकवणं जड जाणारा विकार) असू शकतो. थायरॉइड, बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर वही बाजूला ठेवून लगेच टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६.