टीपीएसचा आकडा बघून चेन निवडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि 2022 मधली माझीच एक्सेल शीट डोळ्यांपुढे आली. तुम्हाला भिवंडीच्या गोदामातल्या मालाच्या पावत्या ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांनी मिळून ठेवलेल्या नोंदवहीवर) टाकायच्यात, त्यासाठी तुम्ही पाच नेटवर्कं तक्त्यात मांडलीत आणि टीपीएसच्या (सेकंदाला किती व्यवहार होतात त्याच्या) उतरत्या क्रमाने लावलीत. मीही हेच केलं आणि पहिल्या ओळीतलं नेटवर्क उचललं. नाव लिहीत नाही.

वॉलेट, गॅस वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

त्या नेटवर्कचा आकडा टेस्टनेटवरचा (चाचणीच्या नेटवर्कवरचा), साध्या टोकन पाठवण्याचा होता. आमच्या पावतीच्या कॉन्ट्रॅक्टला (चेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला) त्याच्या जवळपासही वेग मिळाला नाही. पण ती चूक निभावली असती. व्हॅलिडेटर (व्यवहार तपासून मंजूर करणारे) किती हे मी पाहिलं, ते कोणाचे हे विचारलं नाही. संख्या भरपूर होती, बहुतेक स्टेक (तारण ठेवलेले कॉइन, ज्यावर मताचं वजन ठरतं) मात्र मूळ कंपनीच्या ओळखीतल्या मोजक्या ऑपरेटरांकडे. जुलैतल्या एका सकाळी नेटवर्कच थांबलं. भर पावसात गेटवर नऊ ट्रक, स्कॅनरवर नुसतं ‘पेंडिंग’. शेवटी गेटवरच्या माणसाने कार्बन घालून कच्च्या पावत्या फाडल्या. सपोर्टला लिहिलं तर तिकीट नंबर मिळाला, दुसऱ्या दिवशी ‘अनाउन्समेंट चॅनेल बघा’, तिसऱ्या दिवशी तिकीट बंद. चेन परत चालू कोणी केली, कोणाला विचारून केली, याचं उत्तर आजतागायत नाही. आमचं गिऱ्हाईक गेलं. चारपाच जण चॅटवर ठरवून जी चेन चालू-बंद करू शकतात, तिच्यापेक्षा साधा डेटाबेस बरा, हे माझं ठाम मत आहे. कोणाला पटणार नाही, चालेल.

म्हणून शीटमध्ये एक रकाना वाढवा: किती जण एकत्र आले तर हे थांबेल? प्रूफ ऑफ स्टेकच्या, म्हणजे स्टेकवर मत ठरणाऱ्या, बऱ्याच नेटवर्कमध्ये एक तृतीयांश स्टेक अडला की व्यवहार पक्के होणं थांबतं. मार्च 2022 मध्ये रोनिन या चेनच्या ब्रिजच्या (दुसऱ्या चेनवर कॉइन नेण्याच्या सोयीच्या) सहीच्या 9 पैकी 5 किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि 60 कोटी डॉलरहून जास्त गेले. उलट बिटकॉइन दहा मिनिटांना एक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) काढतं म्हणून लोक नाकं मुरडतात, पण घरच्या साध्या मशिनवर सगळा हिशेब तपासता यावा म्हणूनच ब्लॉक लहान ठेवलाय. ऑगस्ट 2017 मध्ये बिटकॉइन कॅश वेगळं झालं ते याच ब्लॉकच्या आकारावरून.

लेयर-2 (मुख्य चेनच्या वर चालणारं नेटवर्क) घेणार असाल तर सिक्वेन्सर (व्यवहार क्रमाने लावणारा) कोण चालवतं ते बघा. बऱ्याच ठिकाणी एकच कंपनी असते. मार्च 2024 च्या डेनकन अपग्रेडनंतर इथेरियम या चेनवरचे रोलअप (लेयर-2 चाच एक प्रकार) खूप स्वस्त झालेत, पण हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तुमच्या पावत्या दिवसाला चारशे. त्याला हजारोंचा टीपीएस कशाला? तुमच्या जागी मी असतो तर रात्री सगळ्या पावत्यांचा एकच मर्कल रूट (त्या सगळ्यांतून काढलेला एक छोटा ठसा, पावती बदलली तर तो जुळत नाही) इथेरियमवर टाकला असता. (कॉइन घ्या-विका असा सल्ला यात नाही, आणि तुमचं काम मी पाहिलेलं नाही, तेव्हा पडताळून घ्या.)

जाता जाता: जुन्या ट्युटोरियलमधलं पॉलिगॉन या नेटवर्कचं ‘मुंबई’ टेस्टनेट एप्रिल 2024 मध्ये बंद झालं, आता अमॉय वापरा. आरपीसी (तुमचं सॉफ्टवेअर चेनशी जोडणारी सेवा) पुरवठादार दोन ठेवा. आणि गेटवरची पावती स्वतःच्या डेटाबेसमधूनच फाडा, चेनच्या उत्तरासाठी ट्रक ताटकळत ठेवू नका.